‘हाच’ म्हणणारा माणूस

“परत लावा.”

एवढं म्हणून ते डाव्या कानात करंगळी घालायचे, मोबाइल उजव्या कानाला चिकटवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आवाज तीन वेळा ऐकायचे. समोरचा घाईत असला तरी तीन वेळा, आणि पहिल्या खेपेलाच कळलं असलं तरी तीन वेळा. मग मोबाइल परत देत निकाल सांगायचे. “हाच,” किंवा “हा न्हाई.” त्यावर अपील नव्हतं.

कामशेतच्या बाजारात त्यांचं माईक-स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. लग्न, दशक्रिया, उरूस, शाळेचं संमेलन, सगळीकडे त्यांचाच संच जायचा. रिक्षाच्या टपावर कर्णा बांधून ते आंदर मावळात ग्रामपंचायतीच्या सूचना द्यायला जात. जनावरांना लस टोचायची गाडी उद्या टाकव्यात येणार, नळाला दोन दिवस पाणी नाही, अमक्याची म्हैस हरवली आहे. तुम्ही त्या बाजूने कधी गेला असाल, तर त्यांचा आवाज तुमच्याही कानावर पडला असेल. हिंदू-मुसलमान सगळे त्यांना चाचा म्हणत.

माझी त्यांची ओळख एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली. एका मराठी नटाच्या चाहत्यांचा तो ग्रुप. नटाचं नाव इथे देत नाही. या हकिकतीत त्यांचा काही दोष नाही. वय झाल्यावर ते पडद्यावर दिसेनासे झाले, पण ऐकू येत राहिले. पाइपच्या जाहिरातीत, जंगलावरच्या माहितीपटात, मुलांच्या मालिकेतल्या अस्वलाच्या तोंडी. त्यांचा एक ट्रस्ट होता. हृदयाचा आजार असलेल्या मुलांची ऑपरेशनं तो करवून द्यायचा. ग्रुपवर विषय दोनच: साहेबांचा आवाज कुठे ऐकला, आणि साहेबांमुळे कोणाचं पोर बरं होऊन घरी आलं.

मी पुण्याच्या एका दैनिकासाठी मावळ तालुक्याच्या बातम्या देतो. या चाहत्यांवर रविवारच्या पुरवणीत एक लेख लिहिला, आणि लेख छापून आल्यावरही ग्रुपमध्ये राहिलो. तिथलं बोलणं साधारण असं चालायचं.

“नवीन पंख्याची जाहिरात ऐकली का? शंभर टक्के साहेब.”

“साहेब पंखे विकणार? काहीही.”

“पंखा चांगला असेल तर का नाही विकणार?”

“भांडू नका. चाचा येऊ द्या.”

शेवटची ओळ बहुधा वर्षाताईंची असायची. त्या लोणावळ्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनला होत्या आणि ग्रुप त्यांनीच काढला होता. अर्ध्या तासाने चाचांचा आवाजी निरोप यायचा. “हा न्हाई. साहेब ‘आनि’ म्हनायच्या आदी नाकानं श्वास घेत्यात. ह्यो तोंडानं घेतो. दमलाय बिचारा.”

टाकव्याजवळच्या एका कारखान्यात निलेश नावाचा पोरगा मशीनवर होता. गणपतीत नकलांचे कार्यक्रम करायचा. दर रविवारी तो साहेबांच्या आवाजात काहीतरी बोलून ग्रुपवर टाकायचा आणि चाचांना फसवायला बघायचा. दर रविवारी चाचा सांगायचे, “हा न्हाई. निलेश हाय.” आणि का नाही तेही सांगायचे. साहेब वाक्य संपवताना शेवटचा शब्द अर्धा गिळतात. रागावले की आवाज वर जात नाही, खाली जातो. ‘बाळा’ म्हणताना जीभ ‘ळ’वर क्षणभर थांबते. निलेश हात जोडल्याचं चित्र टाकायचा. “गुरुजी, पुढच्या रविवारी.”

“ये की,” चाचा म्हणायचे. “मी कुटं जातोय?”

मग दत्ता आला. आंदर मावळातल्या एका वाडीचा शेतकरी. भात लावायचा आणि उरलेल्या दिवसांत टाकव्याला वेल्डिंगच्या दुकानात काम करायचा. त्याच्या भावाच्या लग्नात चाचांचा संच होता, तेवढीच ओळख. त्याची मुलगी ईश्वरी आठ वर्षांची. हृदयाला छिद्र होतं. पुण्याच्या दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती, पण तिथल्या डॉक्टरांनी धोकाही समजावून सांगितला होता. त्याने तो घाबरला होता.

“चाचा, त्या नटाशी तुमची वळख हाय म्हनत्यात.”

“वळख न्हाई रं. आवाज वळखतो, मानूस न्हाई.”

तरी त्यांनी ग्रुपवर निरोप टाकला. वर्षाताईंनी ट्रस्टचा अर्ज काढला, चाचांनी दत्ताला दुकानात बसवून तो भरून घेतला, रिपोर्टचे फोटो जोडले आणि पाठवला. दोन आठवडे उत्तर आलं नाही. ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारायचं, मावळच्या लेकीचं काय झालं?

एका रविवारी सकाळी, कोणीतरी पुढे पाठवली आहे अशा खुणेसह, एक ध्वनिफीत ग्रुपवर आली. साहेबांचा आवाज. “मावळातल्या त्या बाळाचं पत्र मला मिळालं. काळजी करू नका. मुंबईत सगळी सोय होते आहे. माझी माणसं तुम्हाला फोन करतील. तोवर तिला कुठे दगदग करायला लावू नका.”

सगळे चाचांची वाट पाहत होते. त्यांचा निरोप यायला एरवीपेक्षा जास्त वेळ लागला. आला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

“हाच.”

त्याखाली लाल बदामांची रांग लागली. त्यातला एक माझा होता.

दत्ता दुपारी दुकानात आला. चाचांनी त्याला ती फीत मोठ्या स्पीकरवर ऐकवली. बाजारातले लोक थांबून ऐकत होते. दत्ताने विचारलं, “येत्या गुरवारची तारीख हाय पुन्याची. आई म्हनतीया, तारखंला जाच. काय करू?”

चाचा म्हणाले, “सायेब सोता म्हनत्यात दगदग नको. आन् मुंबईचा दवाखाना म्हंजी लय मोटा. थांब.”

“नक्की त्यांचाच हाय न्हवं?”

“तुझ्या बाचा आवाज तू वळखशील का न्हाई? तसा.”

गुरुवार गेला. फोन आला नाही. वर्षाताई लिहीत राहिल्या, मोठी माणसं, वेळ लागतो. पुढच्या शनिवारी दुपारी ईश्वरीला धाप लागली आणि तिचे ओठ निळे पडले. वाडीला येणारी एसटी सकाळीच येऊन गेली होती. दत्ताने तिला मोटरसायकलवर स्वतःच्या आणि बायकोच्या मध्ये बसवलं. टाकव्याच्या अलीकडे बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी थांबवायला सांगितली. घाई करण्याचं कारण उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी निलेशने ग्रुपवर लिहिलं, “तो आवाज माझा होता.”

मी त्याला दोन दिवसांनी भेटलो. त्याने काही लपवलं नाही. फीत त्याने कारखान्यातल्या एका मित्राला पाठवून ग्रुपवर टाकायला लावली होती. चाचांचे दोन वर्षांचे निरोप त्याने वहीत उतरवून घेतले होते. कुठे श्वास, कुठे थांबायचं, कोणता शब्द गिळायचा. वही मला दाखवली. अक्षर चांगलं होतं. “वाटलं, चाचा म्हणणार हा न्हाई, निलेश हाय. सगळे हसतील, दोन शिव्या देतील. नेहमीसारखं.” मग चाचा ‘हाच’ म्हणाले. “मला आनंद झाला,” निलेश म्हणाला. “खोटं नाही सांगत. आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो. मग बदाम यायला लागले, आणि मला सांगता येईना. म्हटलं ट्रस्टचा फोन येईलच, मग कोण विचारतंय. गुरुवारची तारीख मला माहीत नव्हती.”

ट्रस्टला मी फोन केला तो त्यानंतर. असा एक फोन करून खातरजमा करणं हे माझं रोजचं काम आहे. ते मी मुलगी गेल्यावर केलं. तिथल्या बाई सौम्यपणे बोलल्या. अर्ज आला होता, छाननीत होता. साहेब कोणालाच आवाजी निरोप पाठवत नाहीत. मग त्यांनी विचारलं, अर्जाच्या खालची ओळ कोणी वाचली नाही का? मी अर्ज काढून पाहिला. ‘निर्णय होईपर्यंत चालू उपचार व ठरलेल्या तारखा थांबवू नयेत.’ ही ओळ दत्ताच्या सहीच्या बरोबर वर होती.

ग्रुपवर आधी निलेशला शिव्या पडल्या, मग चाचांना, मग वर्षाताईंना. त्यानंतर लोक एकेक करून बाहेर पडले. दत्ताने पोलिसांत तक्रार दिली नाही. “कुनावर देऊ?” एवढंच त्याने मला विचारलं.

चाचा तिसऱ्या दिवशी वाडीवर गेले. टाकव्यापासून पुढे चालत गेले, असं नंतर दत्ताने सांगितलं. ओसरीवर बसले नाहीत. अंगणात उभे राहून म्हणाले, “त्यो आवाज सायबांचा नव्हता. मीच म्हनलो हाच.” दत्ताच्या आईने त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “तुमी पोरीला बगायला एकदा आला असता, तर थांबा म्हनला नसता. दारातनं तिचा श्वास आयकू यायचा.”

त्यानंतर चाचांनी रिक्षावर कर्णा बांधला नाही. संच भाड्याने जात, पण सोबत त्यांचा मुलगा जायचा. मोबाइल पुढे करून कोणी काही ऐकवू लागलं की ते हात आडवा करायचे.

महिन्याभराने मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. ते एका जळक्या अॅम्प्लिफायरची वायर सोलत होते. दत्ता आत आला, बसला नाही, मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला.

“चाचा, ह्यात ती काय म्हनतीया सांगा.”

“मी आता आयकत न्हाई, दत्ता.”

“दुसऱ्याचं नका आयकू. हिचं आयका.”

अकरा सेकंदांचं चित्रण होतं. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचं. अंगण, कोंबडीचा आवाज, सोसाट्याचा वारा. ईश्वरी पायरीवर बसलेली. ती बापाकडे बघते, तोंड फिरवते, आणि तेव्हा काहीतरी बोलते. दोन किंवा तीन शब्द. मला काहीच कळलं नाही.

“आई म्हनती, तिनं पानी मागितलं,” दत्ता म्हणाला. “बायकू म्हनती, पानी न्हाई. ‘मला ने’ म्हनली. दवाखान्यात ने. घरात दुसरं बोलनंच न्हाई. तुमी सांगा.”

चाचांनी ऐकलं. किती वेळा ते मी मोजलं नाही. बाहेर दोन गाड्या येऊन गेल्या. शेवटी ते म्हणाले, “कळत न्हाई.”

“त्या नटाचा श्वास कळतो, आन् माझ्या पोरीचं बोलनं कळंना?”

“वारा हाय.”

“मशिनीवर वारा काडा की! पानी म्हनली आसंल तर तसं सांगा. मी दिलं व्हतं पानी.”

चाचांना त्या वेळी ‘पानी’ म्हणता आलं असतं. दत्ता त्यासाठीच आला होता, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही दिसत असणार. त्यांनी मान हलवली. “खात्री नसताना एकदा बोललो. आता न्हाई बोलायचो. हे माझ्यापाशी दे. आयकतो. कळलं की सांगतो, काय बी आसलं तरी.”

दत्ताने चित्रण त्यांना पाठवलं आणि निरोप न घेता गेला.

त्यानंतर दर शुक्रवारी, नमाजाहून परतल्यावर, चाचा दत्ताला एक ओळ लिहायचे. ‘अजून न्हाई कळलं.’ सुरुवातीला दत्ता उत्तर देत नसे. मग ‘बरं’ लिहू लागला. भाताची एक लावणी झाली, कापणी झाली, दुसरी लावणी आली. दत्ताच्या बायकोला दिवस गेले. ओळ येत राहिली. दत्ता मला एकदा बेगडेवाडीच्या स्टेशनवर भेटला तेव्हा म्हणाला, “आता आमी शुक्रवारी दोघं बी वाट बगतो. कळू नये, आसंच वाटतं. पन ओळ याया पायजे.”

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी ओळ आली नाही. शनिवारी दत्ता सकाळच्या एसटीने निघून कामशेतला आला. दुकान बंद होतं. शेजारच्या भेळवाल्याने त्याला सांगितलं की चाचा गुरुवारी दुपारी गेले. जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. दत्ताने तिथूनच मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा चाचांचा मुलगा घरून वडिलांचा मोबाइल घेऊन आला होता. त्याने तो उघडून दत्ताच्या हातात दिला. साहेबांच्या फिती त्यात एकही नव्हती. जाहिराती, अस्वल, जंगल, सगळं पुसलेलं. होतं ते फक्त अकरा सेकंदांचं चित्रण आणि त्याचे बारीक तुकडे, एकेका सेकंदाचे, अर्ध्या सेकंदाचे. कशातून वारा काढलेला, कशातून कोंबडी, कशात नुसता वाराच उरलेला. प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. शेवटचा गुरुवारी सकाळचा होता. काय कळलं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

“अब्बा जेवताना बी त्येच आयकायचे,” मुलगा म्हणाला. “आमाला सांगायचे न्हाईत, काय हाय ते.”

दत्ता बंद दुकानाच्या पायरीवर बसला. भेळवाल्याने स्टोव्ह बारीक केला. दत्ताने मोबाइल कानाजवळ नेला आणि पहिला तुकडा लावला.