वारुळाजवळच्या छत्र्या
लातूर नवा जिल्हा झाल्यानंतरच्या दुष्काळात आम्ही औशाला राहत होतो. वडील लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई होते, ते शनिवारीच घरी यायचे. एकदा चुकार सर पडली आणि आईला वारुळाजवळ अळंबीच्या पांढऱ्या छत्र्या सापडल्या. कितीतरी दिवसांनी घरात भाजी शिजली, पण आईने आम्हा दोघी बहिणींना हात लावू दिला नाही.

"आधी मी खाते. विषारी असल्या तर दिवस मावळेपर्यंत कळंल."

खाऊन ती आडवी झाली. थोड्या वेळाने हाका मारल्या, हलवलं, तरी ती डोळे उघडेना. ताई रडत शेजारच्या काकूंकडे पळाली. मी घाबरून पातेलं उचललं आणि सगळी भाजी उकिरड्यावर ओतली.

काकूंनी तोंडावर पाणी मारताच आई दचकून उठली. "पहाटपासून टँकरच्या रांगेत उभी होते गं. जरा झोपू बी देत न्हाईत!"

मग तिला रिकामं पातेलं दिसलं. मी अंग चोरून उभी राहिले. तिने मला जवळ ओढलं.

"बरं केलंस. मला बी लई भेव वाटत होतं."

संध्याकाळी आम्ही चटणी-भाकर खाल्ली. आईला काहीच झालं नाही, तरी दोन दिवस मी तिच्या मागेमागे फिरत होते.