तानपुऱ्याच्या लाकडाचा खोका

पलूसच्या जत्रेत त्या दिवशी एकाच स्टेजवर दोन ऑर्केस्ट्रा होते. एकात मी बास गिटार वाजवत होतो, दुसऱ्यात मिरजेचा एक जण. आम्हा दोघांचेही स्पीकरचे खोके घरी बनवलेले. दुपारी स्टेज रिकामं होतं, म्हणून माझी गिटार आळीपाळीने दोन्हींना लावून बघितली.

माझा खोका जाड प्लायचा, आतून आडव्या पट्ट्या मारलेला, दगडासारखा. बास घुमायला नको, छातीवर आदळायला हवा, या मताचा मी. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे बनवायचं काम. त्याने खोकाही तानपुऱ्याच्याच लाकडाचा, पातळ फळ्यांचा केला होता. दिसायला देखणा, पण एक ठराविक स्वर लागला की अख्खा खोका थरथरून गुणगुणायचा.

"आतून एक पट्टी ठोका, गप होईल," मी म्हणालो. माझ्या टेम्पोत पट्टी होतीही.

त्याने खोक्यावर तळवा ठेवला, थरथर थांबेपर्यंत तसाच.

"आवं दादा, सारा जलम लाकडाला बोलतं करण्यात गेला," तो म्हणाला. "आता ह्येचं तोंड कसं बांधू?"

संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आधी होता. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. तो स्वर आला की तो वाजवता वाजवता हळूच खोक्याला गुडघा टेकवायचा, झोपेत बडबडणाऱ्या पोराला थोपटावं तसा.

शेवटचं गाणं त्याच स्वरावर संपत होतं. मी त्याच्या गुडघ्याकडेच बघत होतो. या वेळी तो एक पाऊल बाजूला सरकला आणि त्याने खोक्याला गाऊ दिलं.