अक्कांची पोवळी आणि माझा हंडा

फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात खाऱ्या पाण्यात होते. मधल्या खोलीतल्या टेबलावर काचेची छोटी टाकी आहे. हातात रबरी मोजे घालून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं मी त्यातल्या एका दगडावरची शेवाळी काढत होते. मोबाइल खिडकीत वाजत होता. सोलापूरहून आमच्या मालकांचा होता, आणि एवढ्या सकाळी ते दवाखान्यातून कशाला फोन करतील हे मला कळलं होतं. म्हणून उचलला नाही. आपण उचलत नाही तोवर अक्का आहेत, असलं काहीतरी खुळं डोक्यात आलं… दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मोजे ओढून काढले आणि घेतला. "गेली अक्का," एवढंच ते म्हणाले. त्यावर माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, "अहो, मी आत्ताच पाणी बदलायला घेतलं होतं."

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. आमचं सगळं मुरुम गाव त्यांना बाई म्हणायचं, कारण निम्म्या गावाला त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. मी या घरात आले ती त्यांच्या राज्यात, आणि राज्य काही त्यांनी सोडलं नाही. मला राग लवकर येतो, त्यांना तर माझ्याही आधी यायचा. चहात साखर किती, पडदे कधी धुवायचे, दूधवाल्याला कुणी बोलायचं… आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. पण एक सांगते, बत्तीस वर्षांत त्यांनी माझी एक चूक पोटात ठेवली नाही. डाळीत मीठ जास्त झालं तर पहिल्या घासाला सांगायच्या. "विमल, तुझं लक्ष कुठं असतं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा ओळखीन.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बैठकीच्या खोलीत तीन फुटी काचेची टाकी बसवली. मला वाटलं मासे आणतील. मासे नाहीत. हैदराबादेत एक गृहस्थ घरच्या टाकीत प्रवाळ वाढवतात, त्यांच्याकडून अक्कांनी कलमं मागवली. हायवेनं येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हवाली थर्माकोलचा डबा, आणि तो उतरवून घ्यायला आमचे मालक उमरग्याच्या स्टँडवर उभे. बोटभर दगडाच्या तुकड्यांवर चिकटलेली हिरवी, केशरी, बटणांसारखी उघडमीट करणारी प्रवाळं होती, आम्ही त्यांना बटणंच म्हणायचो, आणि एक होती छत्री, पावसाळ्यात उगवते तशी, पण हातभर पाण्याखाली डुलणारी. काचेवरचं शेवाळ खायला सोबत थोड्या गोगलगायीही आल्या. मी म्हटलं, "अक्का, मोड तर मटकीलाबी येतात. तिची उसळ तरी होते." त्या म्हणाल्या, "विमल, तुझ्या अंगठीत जे पोवळं आहे ना, ते ह्यांच्याच भाऊबंदाचं मढं आहे. तीस वर्षं मी पोरांना पुस्तकातलं चित्र दाखवून प्रवाळ शिकवलं. आता जिवंत बघू दे मला." त्यावर मी अंगठी पदराआड केली, पण हार काही मानली नाही. आलागेला पाव्हणा टाकीपुढं उभा राहिला की मी आतून म्हणायची, "दगडाला पाणी घालतात आमच्या बाई."

आपल्याकडच्या उन्हाळ्यात समुद्र सांभाळायचा म्हणजे काय, हे मी लांबून बघत होते. पाणी तापू नये म्हणून टाकीवर दोन पंखे, लाइट गेली की इन्व्हर्टर, तोही बसला की बर्फाच्या बाटल्या. पंख्यानं पाणी भराभर उडतं, पण मीठ खालीच राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालायचं, तेही आर.ओ.चं. आपल्या बोअरच्या पाण्यानं तर बादल्यांनासुद्धा पांढरी पुटं चढतात. कॅन यायचा आणि अक्का त्यातलं पाणी मापानं ओतायच्या. त्या कॅनला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती.

मग चैत्रात त्यांच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन ठरलं. गाडीत बसताना त्यांनी माझा हात धरला. असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. म्हणाल्या, "विमल, रोज तीन लिटर. कॅनमधलं थेट ओत. दुसरं काही करू नको." मी व्हय म्हटलं. आणि दुसरं काही केलं.

का केलं, ते सांगायला अजून माझी जीभ जड होते. आमच्या घरात पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरतात. सासूबाईंपासून चालत आलंय. रात्रभर हंड्यात राहिलेलं पाणी शुद्ध, पोटाला चांगलं, असं आम्ही मानतो. अक्का तिकडं टेबलावर पोट फाडून पडलेल्या, आणि त्यांच्या जिवाच्या वस्तूला मी प्लास्टिकमधलं शिळं पाणी घालू? माझ्या मनाला पटेना. कॅन हंड्यात ओतायची, झाकून ठेवायची आणि सकाळी अंघोळ करून टाकीत घालायची. रोज चिंचमीठ लावून हंडा आतूनसुद्धा घासायची, आरशासारखा. चोवीस दिवस. ज्या टाकीला मी ती आल्यापासून नावं ठेवली, तिला मी चोवीस दिवस देवासारखं पाणी घातलं. ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर कळकतं, तांबं त्यात उतरून ते बाधतं, हे आठ वर्षांच्या पोरीलाही कळतं आपल्याकडं. ते मला त्या चोवीस दिवसांत एकदाही आठवलं नाही. ताक आंबट असतं, पाण्याचं काय कळकायचं, असंच धरून चालले होते.

पहिल्यांदा काचेवरच्या गोगलगायी खाली पडल्या. उताण्या. मला वाटलं, उन्हाळा आहे, थकल्या असतील. मग बटणं मिटली. छत्री वाकली आणि तिच्यावर मेणासारखी साय धरली. अक्का घरी आल्या त्या दोन माणसांच्या आधारानं. पलंगाकडं गेल्या नाहीत, आधी टाकीपुढं बसल्या. बराच वेळ बघत होत्या. मी दारात उभी. आता बोलतील, आता बोलतील… "पाणी थेट कॅनमधलंच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय. आर.ओ.चंच." खोटं नव्हतं ते, आणि खरंबी नव्हतं. खरं सांगते, तेव्हा मलाही हंड्याचा संशय नव्हता. मी फक्त त्यांचं ऐकलं नव्हतं, तेवढंच लपवत होते.

त्यानंतरचे दोन महिने तसेच गेले. अक्कांना जेवण जात नव्हतं, पण टाकीचं पाणी रोज तपासायच्या. खारटपणा बरोबर, चुना बरोबर, ऊब बरोबर. सगळं बरोबर आणि जीव तर मिटलेले. दर चार दिवसांनी थोडं जुनं पाणी काढायचं, नवं मिठाचं पाणी कालवून घालायचं. त्या पलंगावरून सांगायच्या, बादल्या मी उचलायची. नवं पाणी कालवायला कॅन लागायचा, तो आता मालक थेट बैठकीत आणून ठेवायचे, त्यामुळं हंड्याचा संबंध आपोआप सुटला. नवं पाणी गेलं की एक दिवस बटणं जराशी सैल व्हायची. आम्ही दोघी लहान पोरींसारख्या खूश. दुसऱ्या दिवशी परत घट्ट. छत्री एक दिवस मुळातून तुटून तळाशी पडली आणि तिचा वास सुटला. ती मी परसात पुरली. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मालकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की गाठ पुन्हा धरलीय. अक्कांना कुणी सांगितलं नाही, पण त्यांना काय सांगायला लागतंय? त्या एवढंच म्हणाल्या, "विमल, माझ्या आधी ही जायला नकोत गं." त्यांचा "गं" मी पहिल्यांदा ऐकला. त्या दिवशी मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले.

मग हैदराबादच्या त्या गृहस्थांनी बसमधून एक जाड पांढरं फडकं पाठवलं. पाण्याच्या वाटेत ठेवायचं, ते पाण्यातलं वाईट ओढून घेतं आणि जे ओढलं त्याप्रमाणं रंग बदलतं. तिसऱ्या दिवशी मीच ते काढलं. हिरवट निळं. मोरचुदाचा रंग. बागेत फवारून द्राक्षवाल्यांच्या हातांना लागलेला असतो तो. मी ते ताटात घेऊन अक्कांपुढं धरलं. त्यांनी बघितलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघरात गेली, हंड्याकडं. मीही वळून बघितलं. लखलखत होता मेला. मी वाट बघत होते. बत्तीस वर्षं ऐकलेलं ते वाक्य आता येणार, आणि यायलाच पाहिजे… अक्का म्हणाल्या, "तांबं आहे. ह्यांना विष ते. दगडात मुरलंय, म्हणून पाणी बदलून उपयोग होत नाही. ह्यांना ह्या टाकीतून काढायला पाहिजे." आणि डोळे मिटून घेतले. संध्याकाळी मी हंडा माळ्यावर टाकायला निघाले, तर पलंगावरून आवाज आला, "राहू दे तिथंच. माणसाला चालतं ते पाणी."

दुसऱ्या दिवशी मधल्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी, नवी छोटी टाकी मांडली. नवं पाणी, नवी वाळू, नवे दगड. जुन्या दगडावरून जिवंत बटणं पात्यानं सुटी करायची होती. अक्कांना पातं धरवत नव्हतं, म्हणून ते माझ्या हातात. "मोजे घाल, त्यांच्यात विष असतं. मुळाशी काप, थोडा दगड येऊ दे." एकेक करत मी कापत होते. बरीच कापतानाच विरघळली, नाकातल्या शेंबडासारखी. तीन दगडांवरची अकरा बटणं तेवढी हाताला घट्ट लागली. शेवटचा तुकडा ठेवताना माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, तो हंडा, ते पाणी मी…" त्या मधेच म्हणाल्या, "थर्मामीटर बघ. किती आहे?" मी म्हटलं, "सव्वीस. अक्का, ऐका तरी…" त्या म्हणाल्या, "सव्वीस चांगलं आहे." आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या. मला बोलू दिलं नाही त्यांनी. त्याचा मला तेव्हा राग आला होता, आणि लिहिताना आत्ताही येतोय.

श्रावणात त्यांना पुन्हा सोलापूरला न्यावं लागलं. या खेपेलाही मी घरी थांबले, कारण त्यांचा हुकूमच तसा होता. वाटेत नळदुर्गापाशी गाडी थांबवून त्यांनी मालकांना फोन लावायला लावला होता. "पाणी घातलंस?" घातलं होतं. शेवटचं बोलणं त्यानंतर चार दिवसांनी झालं. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "हिरवी उघडली का?" एकही उघडली नव्हती. अकरातली चार तोवर गळून गेली होती. मी म्हटलं, "उघडली अक्का. तीन उघडली." "फोटो पाठव." मी गेल्या वर्षीचा फोटो पाठवला. फुललेली हिरवी बटणं, आणि कोपऱ्यात काचेवर चढणारी गोगलगाय. पाठवल्यावर मला ती गोगलगाय दिसली. उन्हाळ्यातच मेलेली, अक्कांना तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का. मी फोन हातात घेऊन बसून राहिले. मालकांच्या फोनवरून उत्तर आलं, "छान आहे म्हणती." म्हणजे दुसऱ्यांदाही सोडलं मला.

दोन दिवसांनी त्या गेल्या.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारे लोक मधल्या खोलीत त्यांच्या पलंगाशी बसतात आणि शेजारी टाकी बघतात. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी तर डोळे पुसतात. "वहिनी, नणंदेचं एवढं कोण करतं? बाईंचा जीव सांभाळलात तुम्ही." शेजारच्या काकूंनी गावभर सांगितलंय की विमलला पुण्य लागणार. मी चहा आणते, मान हलवते. त्यांचा एकेक शब्द पाठीत रट्टा बसावा तसा बसतो. रोज सकाळी कॅनमधलं पाणी थेट ओतते. सव्वीस आहे का बघते. गेल्या सोमवारी सातातलं एक बटण उघडलं. मुगाच्या डाळीएवढं, कडेनं हिरवं. मालक आनंदानं म्हणाले, "बघ, तू वाचवलंस." मला एवढा संताप आला की मी त्यांच्या अंगावर धावून गेले.

म्हणून हे लिहायला बसले. अक्कांबद्दल चांगलं लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या माणसानं सांगितलं होतं. त्या चांगल्या होत्याच. पण टाकीत तांबं मी घातलं, शेवटच्या दिवसांत खोटा फोटो मी पाठवला, आणि हे दोन्ही त्यांना माहीत होतं. त्यांनी मला माफ केलं, की आता रागवून काय उपयोग म्हणून मला सोडून दिलं, ते मला कधीच कळणार नाही. मुरुमात कुणी मला पुण्यवान म्हणू नये, एवढंच मागणं आहे. आणि बाईंच्या हाताखाली शिकलेल्या कुणाला हे वाचून राग आला, तर त्यानं घरी यावं. बैठकीतली मोठी टाकी कोरडी पडलीय, तिच्यापुढं खुर्ची आहे. बसावं आणि मला बोलावं. मी मधे बोलणार नाही.