सगळ्यात भारी गाण्याआधी

आज नातीच्या वहीला कव्हर घालताना सेलोटेपचा वास आला आणि सिडकोतलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. माझा थोरला भाऊ एका जुन्या अमेरिकन बँडसाठी वेडा होता. त्यांची निवडक गाणी त्यानं एका कॅसेटवर उतरवली होती आणि प्रत्येक गाण्याआधी रेडिओवाल्यासारखा स्वतः बोलला होता. कुणी पुसू नये म्हणून कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे चौकोन त्यानं मोडून टाकले होते; ते मोडले की त्यावर दुसरं काही भरता येत नाही. तो अपघातात गेला. वडील आणि मी रामकुंडावर अस्थी सोडायला गेलो, तेव्हा शेजारच्या बायका घरी भजनाला आल्या. आईला ते भजन त्याच्यासाठी जपून ठेवायचं होतं. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून तिनं त्याच्या कॅसेटच्या मोडलेल्या चौकोनांच्या खाचांवर सेलोटेप चिकटवला आणि त्यावरच भजन भरलं. ही युक्ती तिला त्यानंच शिकवली होती. आम्ही परतलो तेव्हा ती ते भजन ऐकत बसली होती. ते संपलं, खट्ट झालं आणि तो बोलला, "आणि आता त्यांचं सगळ्यात भारी गाणं!" घाईघाईनं आईनं टेप मागं फिरवली, तर टाळ वाजत होते. "याच्याखाली असंल ना रे तो अजून?" तिनं मला विचारलं. मी खाचांवरचा सेलोटेप सोलून काढला. आता आई नाही, ती कॅसेटही नाही. तो बँड फोनवर हवा तेव्हा गातो, पण गाण्याआधी कुणीच बोलत नाही.