कंडक्टरची शिट्टी आणि खिळ्यावरची पुरचुंडी

बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, आणि मी जोडीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे कंडक्टरला शिव्या देणं. माघातली दुपार होती. ओट्यावर बसून आम्ही बियाण्यासाठी वालाच्या वाळल्या शेंगा फोडत होतो, कारण कंडक्टरचा हुकूम होता. तिनं दाणे एकेक करून निवडले, राखेत घोळले, जुन्या लुगड्याच्या फडक्यात घातले आणि करकचून गाठ मारली. म्हणाली, "या माणसानं म्हातारपणी बी सुखानं बसू देलं नाही." मी म्हटलं, "त्याच्या तोंडात माती." ती म्हणाली, "माती कायले? खूश होईन तो." आम्ही दोघंही हसलो. पुरचुंडी तिनं सैपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा ठेवायला उठलीच नाही.

पुढची गोष्ट तिच्याशिवाय सांगावी लागते. सांगायची ती त्याचीच, कारण असा डोकं खाणारा माणूस नेरमध्ये तर सोडाच, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही. जन्मभर एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाला, पण त्याच्या अंगातली गाडी काही थांबली नाही. सकाळी सहाला गल्लीत शिट्टी. एक शिट्टी म्हणजे थांबा, बादली आणा. दोन म्हणजे चला, पुढचं घर. खतासाठी ओला कचरा गोळा करायला तो हातगाडी घेऊन यायचा आणि प्रत्येकाच्या बादलीत डोकावून पाहायचा, जसं काही कोणी तिकीट न काढता बसलं आहे. एकदा माझ्या बादलीत दुधाची पिशवी सापडली.

"भाऊ, हे कोण?"

"पिशवी हाये. दिसत नाही का?"

"उतरवा तिले. आपल्या गाडीत चालत नाही."

आणि ती पिशवी माझ्याकडूनच धुऊन, वाळवून घेतली. मी बहात्तर वर्षांचा माणूस, जिनिंगात कापसाच्या ओझ्यानं पाठ मोडून बसलेला. मला माझ्याच दारात पिशवी धुवायला लावणारा हा कोण?

गल्लीच्या मागं लेआऊटची मोकळी जागा होती. तिथं डुकरं लोळायची, बांधकामाचा मलबा पडायचा. कंडक्टर एकटाच कुदळ घेऊन तिथं वाफे करायला गेला. आम्ही ओट्यावर बसून हसलो. महिन्याभरात गल्लीतल्या बाया गेल्या. मग आमची बुढी निघाली आणि मलाही ओढत घेऊन गेली. मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत. कंडक्टर म्हणाला, "हात तर हायेत न?" आणि मला एका स्टुलावर बसवून खताची चाळणी हातात दिली. माझा जावई यायचा होता, तर नेमका त्याच दिवशी शेण, गूळ आणि बेसन कालवलेल्या खताचा ड्रम माझ्या खिडकीखाली आणून ठेवला, सावली पाहिजे म्हणून. जावई नाकाला रुमाल लावून जेवला. मी बोललो तर म्हणतो, "जावई दोन दिसाचा हाये भाऊ, जमीन जन्माची." हे माझ्या पोरीसमोर!

तरी एक सांगतो. भाजी झाली. वांगी झाली, आंबाडी झाली, कोहळं तर इतकं झालं की लोक एकमेकांच्या दारात चोरून ठेवून पळायचे. आणि वाल झाला. तो वाल आमच्या बुढीच्या माहेरचा, महागावकडचा. शेंगेच्या कडा जांभळ्या. लग्न झाल्यावर पदरात बांधून तिनं आणला होता आणि दरवर्षी दारामागं लावत होती. मी कधी लक्षही दिलं नाही. कंडक्टरनं दिलं. दुकानाच्या बियाण्याचं नाव काढलं की त्याला ताप यायचा. त्यानं बुढीकडून मूठभर दाणे मागून घेतले आणि कुंपणभर वेल चढवले. पीक निघालं की सगळ्या गल्लीच्या वालाचं बी उंदराच्या भीतीनं तो आपल्याच घरी एका पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. फक्त आमच्या वेलाचं तेवढं बुढी स्वतः ठेवायची.

तिच्या तेरवीला कंडक्टर आला. रडला. डोळे पुसले आणि खिळ्याकडं पाहून म्हणतो, "भाऊ, हे यंदा पेरलं पाहिजे. जुनं झालं की बी मरते."

"कंडक्टर, माह्यं माणूस मेलं हाये!"

"म्हणूनच सांगून राह्यलो."

मी हातातला पाण्याचा गडवा फेकून मारला. त्यानं तो उचलला, अंगणातल्या तुळशीला उरलेलं पाणी घातलं आणि गडवा जागेवर आणून ठेवला. त्यानंतर रोज. शिट्टी वाजली की मागोमाग तेच. मी म्हणायचो, "डबाभर हाये न तुह्याजवळ? तोच पेर." तो म्हणायचा, "डब्यातला गल्लीनं निवडला. हा वहिनीनं. फरक हाये." फरक मला माहीत नव्हता का? ती गाठ तिच्या हातची होती. तिनं केलेलं, केल्यासारखंच राहिलेलं, घरात तेवढंच उरलं होतं. सोडली की संपलं.

जेठात, पेरणीच्या आधी, त्यानं मोकळ्या जागेत गल्लीचं जेवण ठेवलं. अट अशी की जे शिजेल ते आपल्या वाफ्यातलं, नाही तर आजूबाजूच्या गावातल्या शेतकऱ्याचं. दुकानाचं काही नाही. स्वतः दारात उभा राहून लोकांच्या पिशव्या तपासत होता. एकीनं पापडाचं पाकीट आणलं, तिला पाकिटासकट परत पाठवलं. लोक मात्र ठरल्यापेक्षा दुप्पट आले आणि डाळ सरली. त्याची बायको घरातून ओरडली, "दुकानातून थोडी डाळ आणू काय?"

"दुकानाचं नाव काढू नको! घरात जे हाये ते शिजव!"

कुकरनं शिट्ट्यांवर शिट्ट्या मारल्या. कंडक्टर खूश. उसळ आली. मीही खाल्ली. त्यानं तीनदा वाढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अशी उसळ वहिनीच्या हातचीच खाल्ली होती." तेवढ्यात त्याची बायको रिकामा डबा कुठं ठेवू म्हणून विचारायला आली. तोच पत्र्याचा डबा. त्यानं तो हातात घेतला, उलटा केला. राख पडली.

"बीचा होता हा," तो म्हणाला.

"तुमीच म्हणले न, घरात जे हाये ते."

कंडक्टर पत्रावळीजवळ बसून राहिला. त्या वालाचा दाणा आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या खिळ्यावर.

मी घरी येऊन तयारीत बसलो. आता येईल, आणि आला की काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. दिवे लागायच्या आत आला. ओट्यावर बसला तो घराकडं पाठ करून. मी चहा दिला, त्यानं पिला. वालाचा शब्द नाही. शेवटी मीच चिडलो.

"माग न! आता काहून मागत नाही?"

"नाही भाऊ. राहू द्या तिथंच." कप खाली ठेवला. "मी आता घरी जाऊन माह्या बुढीवर ओरडीन, डब्यापायी. ती मले ओरडन. तुमाले तेवढंबी नाही राह्यलं."

आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला शिट्टी वाजली नाही. बाया बादल्या घेऊन दारात उभ्या. मी दाढीचं ब्लेड घेतलं, पुरचुंडीखाली थाळी धरली आणि फडकं गाठीपासून दूर, बुडाशी कापलं. राखेतले दाणे खाली आले. गाठ वरच राहिली, खिळ्याला, तिनं मारली तशीच. थाळी घेऊन मी कंडक्टरच्या दारात गेलो आणि म्हटलं, "चाल. शिट्टी घे."

कुंपणाशी त्यानं माझं स्टूल आणून ठेवलं. मी बोटानं भोक पाडून दाणा टाकला, दुसरा टाकला. तिसऱ्याला तो खेकसला, "इतक्या जवळ नाही भाऊ! वेल हाये, एसटी नाही!"

मी त्याला शिव्या दिल्या. चांगल्या मन भरून दिल्या. पण पहिल्यांदाच एकट्यानं.