बोटांनी मोठा केलेला फोटो

माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून गेली, तेव्हा आमच्याकडे पहिलं काम झालं ते माझ्या फोनमधून तिचा नंबर पुसण्याचं. नवऱ्याने पुसला. सासूबाई शेजारी बसून बघत होत्या.

कारण असं, की ती नुसती माझी बहीण नव्हती, माझ्या नणंदेची जाऊही होती. माझ्या लग्नानंतर नणंदेनेच तिला आपल्या दिरासाठी मागून घेतलं होतं. "वहिनी, तुझ्यासारखीच गरीब गाय पाहिजे आम्हाला," असं हसत म्हणाली होती. तो दीर पट्ट्याने मारायचा. पहिली दोन वर्षं बहिणीने कुणाला सांगितलं नाही. मग एकदा माझ्याजवळ पाठ उघडी करून दाखवली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी मुलीला कडेवर घेऊन जळगावहून निघून गेली. कुठे गेली ते तिने मलाही कळवलं नाही. बऱ्हाणपूरच्या आसपास केळीच्या गावांत कुठेतरी असेल, एवढं मला मागाहून समजलं. ते कसं समजलं तेच लिहिते आहे.

तिचा नंबर मला पाठ होता. नवऱ्याने पुसल्यावर काही दिवसांनी मी तो पुन्हा टाकला आणि नाव दिलं 'पापडवाली'. फोन केला नाही. मला फोनवर बोलायची लाज वाटते, आणि घरात भिंतींपेक्षा माणसं जास्त. पण नंबर टाकल्यावर तिचे स्टेटस दिसू लागले. कधी चुलीवरची कढई, कधी केळीच्या घडांचा ढीग, कधी तिची मुलगी. सासरच्या लोकांचे नंबर तिने काढून टाकले असतील असं मी धरून चालले. ती काही लिहायची नाही, मीही नाही. मी बघितलं हे तिच्याकडे दिसायचं, आणि आमचं बोलणं तेवढंच.

स्टेटस दुसऱ्या दिवशी जातो. म्हणून मी स्क्रीनशॉट काढायला शिकले. बुधवारा बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात रिचार्ज करायला गेले असताना एका मुलीला तीन बोटं काचेवरून खाली ओढताना पाहिलं. घरी येऊन तसंच केलं, तर फोटो राहिला. भाचीने तोंडाला चिखल माखला तो, तिने नवी रिबन बांधली तो, ताप आला होता तेव्हा गोधडीत झोपलेली तो, सगळे राहिले. दुपारी सासूबाई झोपल्या की मी ते बघत असे.

श्रावण जवळ आला. आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून, साडी नेसवून तिला चौरंगावर बसवतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घेतात आणि त्या पिठाचे रोट करतात. नणंद दरवर्षी माहेरी येते. या वर्षी सजावट आपण ठरवणार असं तिने जाहीर केलं होतं. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी आणि सासूबाई शेंगा सोलत बसलो होतो.

"वहिनी, मागच्या वर्षीचे कानबाईचे फोटो तुझ्याच फोनमध्ये आहेत ना? दाखव जरा. साडीच्या निऱ्या कशा काढल्या होत्या ते बघायचंय."

"पाठवते, ताई."

"तू पाठवशील तोवर कानबाई उठेल. स्क्रीन शेअर कर. खाली ते चिन्ह आहे बघ, बाण असलेलं. हाँ, तेच. आता हो म्हण."

मी हो म्हटलं. मला वाटलं, मी फोटो उघडून पुढे धरीन तेव्हाच तो तिला दिसेल, जसं आपण शेजारणीला दारातून झाकलेलं ताट दाखवतो आणि झाकण आपल्या हातात असतं. शोधताना वाटेत जे जे येतं तेही तिला दिसत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी शांतपणे गॅलरी उघडली आणि एकेक फोटो सरकवत गेले.

"थांब थांब," नणंद म्हणाली. "मागे जा. ही पापडवाली कोण गं?"

स्क्रीनशॉटवर वरच्या बाजूला नाव येतं.

सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "कोण पापडवाली? पापड तर आपण घरी करतो."

"तेच तर, आई. बघ ना, किती पापड केलेत हिने." नणंद हसली. तिच्यामागे आणखी कुणीतरी हसलं. तो तिचा दीर होता, माझ्या बहिणीचा नवरा. तो तिथेच बसला आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

मी फोन पालथा घातला.

"वहिनी, सरळ कर. रागावले का मी? आमच्या घरची पोर आहे, बघू तरी दे. किती दिवस झाले बघून."

तिचा आवाज एवढा गोड होता, की सासूबाईंनी स्वतः फोन सरळ केला आणि माझ्या हातात दिला. फोटोत भाची केळीच्या उलट्या क्रेटवर बसलेली होती. मागे एका दुकानाची पत्र्याची पाटी होती.

"मोठं कर," दीर म्हणाला.

मी काचेला बोट लावलं नाही.

"कर ना गं मोठं," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे माणूस म्हणतंय."

मी दोन बोटांनी मोठं केलं. चेहरा मोठा झाला.

"चेहरा नको, मागचं. डावीकडे. अजून. बस्स."

पाटीवर दुकानाच्या नावाखाली गावाचं नाव होतं. मी तो फोटो कितीदा बघितला असेल, पण पाटी कधी वाचली नव्हती. मी भाचीकडे बघायचे. बहीण कोणत्या गावात राहते ते मला आणि त्यांना एकाच वेळी कळलं.

"झालं," नणंद म्हणाली. "मी पण स्क्रीनशॉट घेतला बघ वहिनी, तुझ्यासारखा. आता दाखव निऱ्या."

मी निऱ्या दाखवल्या.

फोन ठेवल्यावर मी बहिणीला फोन लावला असता. पण सासूबाईंनी माझा फोन कमरेला खोचला, आणि संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्या हातात दिला. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "चोरी करायची तर पापडवालीच्या नावाने? निदान दूधवाली तरी लिहायचं, रोज फोन आला तरी कुणी विचारलं नसतं." सासूबाईंना ते फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस त्या मला पापडवालीच म्हणत.

दुसऱ्या दिवशी जळगावहून गाडी गेली. बहीण केळी भरायच्या कामावर होती. भाची खोलीच्या दारात खेळत होती. बाप आहे म्हटल्यावर शेजारपाजारचे काय बोलणार? दुपारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. भाची नव्या फ्रॉकमध्ये, हातात आइस्क्रीम, डोळे सुजलेले. खाली नणंदेने लिहिलं होतं, 'पोर घरी आली. आता आई आपोआप येईल.' सगळ्यांनी अंगठे टाकले. सासूबाईंना ते जमत नाही. नवऱ्याने माझा फोन माझ्या हातात दिला आणि त्या म्हणाल्या, "माझ्याकडून टाक एक." माझ्या नावाने तो अंगठा अजून तिथे आहे.

बहीण त्याच संध्याकाळी जळगावला गेली.

कानबाईला सगळे आले. नणंद, तिचा नवरा, दीर, आणि त्यांच्या मागून पदर डोक्यावर घेतलेली बहीण. भाची तिच्या साडीला धरूनच होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "आलीस का बाई! बरं केलंस," आणि रोटाचं पीठ मळायला बसवलं. तिच्या मनगटावर हिरवा वळ होता. बांगड्या त्याच्यावरच घातल्या होत्या.

चुलीपाशी आम्ही दोघी राहिलो तेव्हा मी म्हटलं, "मी सांगितलं नाही गं."

ती पीठ मळत राहिली. मग हळू म्हणाली, "तायडे, स्टेटस कुणाला दिसावा ते निवडता येतं. मी एकच नाव ठेवलं होतं."

मला तिला सगळं सांगायचं होतं, ते चिन्ह, पाटी, कमरेला खोचलेला फोन. मी कुठून सुरू करावं हे जुळवत होते. तेवढ्यात नणंद आत आली.

"दोघी बहिणी कशा बसल्यात बघा! वर बघा, वर. हस ना वहिनी."

बहीण वर बघून हसली. मीही हसले. फोटो काढून नणंद बाहेर गेली. बहिणीने पिठाची परात उचलली आणि दुसऱ्या चुलीकडे, नणंदेच्या सासरच्या बायकांमध्ये जाऊन बसली.