माल आधी, मालक मागून

जळगावातून अमेरिकेला जाऊन आलेली माणसं आता पुष्कळ झाली असतील. पण एकदाही न जाता सगळ्यात जास्त वेळा निरोपाचा हार गळ्यात घालून घेतलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे मामा. पाच हार, तीन नारळ, एक शाल आणि मेहरूणच्या चहाच्या टपरीवर झालेली दोन भाषणं, एवढी त्यांची परदेशवारीची कमाई. प्रत्यक्षात आगगाडीने मामा सावदा स्टेशनाच्या पुढे गेल्याचं मला आठवत नाही. तिथल्या केळीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते कारकून होते. रोज सकाळच्या पॅसेंजरने जायचं, दिल्लीचा माल रवाना करायचा आणि संध्याकाळी परत यायचं. तीस वर्षं दिल्लीला केळी पाठवून स्वतः दिल्ली पाहिली नाही, याचं त्यांना काडीइतकंही वाईट वाटत नसे. उलट विचारणाऱ्यालाच ते खुळ्यात काढत. "माल जातो ना वेळेवर? मग मालकाने कशाला धक्के खायचे?"

मामा सडेफटिंग होते आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना केळीच्या हिशोबाने कळे. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं की "फार हिरवा कापला" म्हणत, नाहीतर "अंमळ जास्त पिकू दिला" म्हणत. माझ्या आईला मुंबईहून पत्र यायला उशीर झाला, तर चूक पोस्टाची नसून लोडिंगची आहे असं ते शपथेवर सांगत. केळीखेरीज त्यांना एकच नाद होता, पोहण्याचा. पहाटे मेहरूण तलावात उडी मारल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. आमच्या भागातली निम्मी पोरं त्यांनीच पाण्यात ढकलून पोहायला शिकवली. मला मात्र त्यांनी कधी पाण्यात उतरू दिलं नाही. मी काठावर बसायची आणि त्यांची चप्पल सांभाळायची.

त्याचं कारण म्हणजे मला चौदाव्या वर्षापासून फिट येत. रोज रात्री एक गोळी घेतली की सगळं ठीक असे, आणि नाही घेतली की नसे. हे घरात आई, वडील, मामा आणि आमचे जुने डॉक्टर या चौघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मुलीला फिट येतात असं एकदा गावात झालं की स्थळं बंद, हा आईचा धसका होता. मला त्या धसक्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो. पण आईपुढे शहाणपण चालत नाही. मी शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकायला गेले, त्यात शिकण्याची हौस किती आणि स्थळांपासून पळण्याची किती, हे मी अजून मोजलेलं नाही.

तिथे गेल्यावर कळलं की विद्यापीठाने घ्यायला लावलेला विमा सर्दी-पडशाला चालतो, हातपाय मोडले तर चालतो, पण आधीपासून असलेल्या आजाराला चालत नाही. म्हणजे ज्याला औषध लागतंच, त्याने ते स्वतःच्या पैशाने घ्यावं. तिथल्या दुकानात महिन्याच्या गोळ्यांचा भाव ऐकून मी "नंतर येते" म्हटलं आणि बाहेर आले. तेवढ्यात माझा महिन्याचा किराणा झाला असता. मग मी सोबत नेलेल्या गोळ्या पुरवून पुरवून खाऊ लागले. रोज अर्धी. आईला हे कळवण्यात अर्थ नव्हता, ती पहिल्याच विमानाने परत ये म्हणाली असती. म्हणून मी फक्त मामांना लिहिलं, तेही त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर. उत्तरादाखल तार आली. "अर्धी नको. पूर्ण खा. माल निघतो."

दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभे राहिले. चिठ्ठीवर माझं नाव होतं, पण आमच्या डॉक्टरांचं अक्षर देवाच्या कृपेने औषधाच्या नावापलीकडे दुकानदारालाही वाचता येत नसे. दुकानदाराने सहा महिन्यांच्या गोळ्या काढता काढता मोठ्याने विचारलं, "या तर फिटच्या गोळ्या. कुणाला लागतात, भाऊ?" मागे टपरीवाले आबा उभे होते. आबांना कळलं म्हणजे मेहरूणला कळलं. मामांनी आबांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "कुणाला म्हणजे? माले शे ना!"

आजार असा स्वतःच्या नावावर घेतला आणि त्या दिवसापासून मामा गावाचे पेशंट झाले. टपरीवर त्यांनी नुसते डोळे मिटले तरी लोक सावध होत. मामांना चहाचा पहिला घोट डोळे मिटून घ्यायची सवय होती, त्यामुळे हा प्रसंग रोजच येई. टपरीवर लवकरच दोन तट पडले. फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा फोडून धरावा असं आबांचं मत, तर जोडाच हुंगवावा असं एका निवृत्त तलाठ्यांचं. आबांनी गल्ल्याशेजारी एक कांदा कायमचा ठेवला होता. तलाठी येताना चामड्याचा जोडा घालून येत, मग उन्हाळा असो की पावसाळा. एकदा मामांना शिंक येता येता राहिली आणि दोन्ही औषधं एकाच वेळी नाकाशी आली. डॉक्टर बिचारे सगळ्यांना सांगत, अरे, यातलं काहीच करायचं नसतं, माणसाला फक्त कुशीवर वळवायचं. पण नुसतं कुशीवर वळवण्यात लोकांना काही केल्याचं समाधान मिळत नसे.

पुढचा प्रश्न होता माल पाठवायचा. पोस्टाने पाठवलेली गोळ्यांची पहिली पुडी कुठल्या गावी उतरली ते पोस्टालाच ठाऊक. म्हणून मामांनी आमच्याकडचा जुना मार्ग धरला. कुणी जातंय का, ते बघायचं. जळगाव, भुसावळ, फैजपूर, धुळे, कुणाचा मुलगा किंवा जावई अमेरिकेला निघाला की मामा चिवड्याची पिशवी आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन दारात हजर. पण लोक विचारणारच की आजारी तुम्ही, मग गोळ्या अमेरिकेला कशाला? त्यावर मामांनी दुसरी थाप तयार ठेवली होती. "पुढच्या महिन्यात मीच निघालोय भाचीकडे. सहा महिने राहणार. आपला धंद्याचा नियम, माल आधी, मालक मागून."

ही थाप दर सहा महिन्यांनी लागे. त्यामुळे दर सहा महिन्यांनी मामा अमेरिकेला निघत. टपरीवरची मंडळी हार आणत, तलाठी एखाद्या वेळी भाषणही करत, आणि मग काहीतरी आडवं येई. एकदा पासपोर्ट अडला, एकदा दाढ दुखली, एकदा केळीचा भाव पडला. केळीचा भाव पडल्याने अमेरिका कशी रद्द होते हे कुणी विचारलं नाही. खानदेशात केळीचा भाव पडल्याने काहीही रद्द होऊ शकतं.

असं दीड वर्ष सुरळीत चाललं आणि मग मामांच्या हुशारीनेच घात केला. वॅगनमध्ये केळीला मार लागू नये म्हणून खाली-वर केळीचा पाला घालतात. एका खेपेला मामांना वाटलं, एवढ्या लांबच्या प्रवासाला गोळ्या उघड्या कशा धाडायच्या? त्यांनी प्रत्येक पाकीट वाळलेल्या केळीच्या पानात बांधलं, वरून सुतळी आवळली. नेणारा होता जळगावचाच एक इंजिनिअर. तिकडच्या विमानतळावर झाडपाला नेऊ देत नाहीत. अधिकाऱ्याने सुतळी सोडून पाहण्याचीही तसदी घेतली नाही, चिमट्याने सगळं गाठोडं उचलून पेटीत टाकलं. इंजिनिअरने फोनवर रडवेल्या आवाजात माझी माफी मागितली. माझ्याकडे नऊ गोळ्या उरल्या होत्या.

मी जवळ होते तेवढे पैसे घालून सावद्याच्या ऑफिसात फोन लावला. केळीच्या पानाचं ऐकल्यावर मामांनी पलीकडे स्वतःलाच एक शिवी हासडली. मग म्हणाले, "किती उरल्या?"

"नऊ."

"अर्ध्या करायच्या नाहीत."

"मामा, मग नऊच दिवस पुरतील."

"मला गणित येतं. फोन ठेव, बिल चढतंय."

त्यानंतरचं मला पुढे कळलं ते एका नवरदेवाकडून. धुळ्यात एका मुलाचं लग्न होतं आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तो अमेरिकेला परत चालला होता. मामा रात्रभर स्टँडवर ताटकळून पहाटेच्या एसटीने धुळ्याला पोचले. मांडवात ओळखीचं कुणी नाही. मुलीकडचे समजले मुलाकडचे आणि मुलाकडचे समजले मुलीकडचे, त्यामुळे दोन्हीकडून त्यांना फेटा बांधला गेला. अक्षता पडल्यावर त्यांनी नवरदेवाला गाठलं आणि गोळ्या पुढे केल्या. नवरदेव तयार होता, पण त्याचे काका पोलिसात होते. कुणाच्या गोळ्या, कशाच्या गोळ्या, पोरगा तिकडे अडकला तर? मामांनी चिठ्ठी दाखवली. अक्षर वाचता आलं नाही, तेव्हा काकांचा संशय दुप्पट झाला. "खरंच तुमच्या असतील तर एक खाऊन दाखवा."

मामांनी आयुष्यात डोकेदुखीचीही गोळी घेतलेली नव्हती. त्यांनी फिटची गोळी मठ्ठ्याबरोबर गिळली. आधीच रात्रभराचं जागरण, त्यात ते औषध आणि त्यावर पंगतीचं जेवण. जिलबी वाढेपर्यंत मामा पानावरच कलंडले आणि घोरू लागले. "फिट उनी! जोडा लई या रे!" असा मांडवभर कल्लोळ झाला. पण दारातल्या चपलांच्या ढिगाऱ्यात मिळाल्या त्या सगळ्या रबरी. चामड्याचा जोडा एकच, नवरदेवाचा, आणि तो करवल्यांनी सकाळीच लपवून ठेवलेला. एरवी पैसे घेतल्याशिवाय जोडा निघत नाही. त्या दिवशी माणसाच्या जिवाचा प्रश्न म्हणून करवल्यांनी तो फुकट काढून दिला आणि मामांच्या नाकाशी धरला. मामा जागे झाले ते थेट "वॅगन लागली का?" असं विचारत. पोलीस काकांचा संशय कुठल्या कुठे पळाला. स्वतः त्यांनी मामांना एसटीत बसवून दिलं आणि नवरदेवाला बजावलं, काही झालं तरी या गोळ्या पोचल्या पाहिजेत.

त्या माझ्या हातात पडल्या तेव्हा माझी एक गोळी शिल्लक होती. मी त्या पाकिटांवर डोकं टेकून रडले. नवरदेवाला वाटलं मी मामांच्या आजारासाठी रडते आहे. तो मला समजावत राहिला, "ताई, ते बरे होतील, लवकर शुद्धीवर आले होते."

पुढे माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, नोकरीच्या विम्यातून औषधाचा खर्चही सुटला. मी मामांना कळवलं की आता माल पाठवू नका. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, "स्टेशन बंद, कळलं." पुढे मी लग्न केलं, तेही पहिल्याच भेटीत आजार सांगून. त्याने विचारलं, मग जवळच्या माणसाने काय करायचं असतं? मी म्हटलं, कुशीवर वळवायचं. एवढंच? एवढंच.

अमेरिकेला गेल्यापासून पाच वर्षांनी मी जळगावला आले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून म्हटलं, "चला मामा, तलावावर. तुम्ही पोहा, मी चप्पल सांभाळते." मामा खुंटीवरच्या पंच्याकडे पाहत राहिले. मग आईने सांगितलं. धुळ्याची बातमी जळगावला पोचल्यापासून गावाने त्यांना पाण्यात उतरू दिलेलं नव्हतं. फिटवाल्याला पाण्यापासून लांब ठेवायचं, हे टपरीने मनावर घेतलं होतं. तलावावर रोज कुणीतरी पाळतीवर असे. एवढ्या पत्रांत मामांनी हे मला एका अक्षराने लिहिलं नव्हतं.

मी तशीच मामांना घेऊन टपरीवर गेले. आबा होते, तलाठी होते. मी सरळ सांगून टाकलं, फिट मला येतात, मामांना कधीच आली नाही, गोळ्या माझ्या होत्या. सगळे शांतपणे ऐकत होते. मग आबांनी डोळे पुसले. "भाऊ, भाची असावी तर अशी," ते म्हणाले. "तुमचा आजार स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली." मी ओरडले, चिठ्ठ्या दाखवते म्हटलं, तर तलाठ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मामांकडे वळले. तर ते हसत होते.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते हळूच म्हणाले. "मनी काळजी करानी त्यासले सवय व्हई गयी शे."

गावाला त्यांची काळजी करायची सवय झाली असेल, तरी मी हट्टाने त्यांना तलावावर नेलं. निदान पाय तरी बुडवा म्हटलं. आबा दुकान सोडून मागोमाग आले. मामा काठाच्या दगडावर बसले, पाय पाण्यात सोडले आणि सवयीप्रमाणे डोळे मिटले. आबांनी लगेच मागून त्यांचा सदरा मुठीत धरला. त्याच वेळी मामांनी, डोळे न उघडता, शेजारी बसलेल्या माझं मनगट धरलं. आम्ही तिघे बराच वेळ तसेच बसलो होतो.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अमेरिकेला निघालो, असं त्या वेळी ते कुणाला म्हणाले नाहीत. मी अजून रोज रात्री गोळी घेते, पूर्ण.